जुन्या जीपचा गिअरबॉक्स घरी उघडावा की मिस्त्रीकडे द्यावा?

मानेवाडा_जीप
माझं मत आधीच मांडतो. जुन्या जीपचा गिअरबॉक्स मालकाने घरी स्वतः उघडावा, धुवावा, मोजावा आणि स्वतःच जोडावा. नव्या गाड्यांचं बोलत नाही. सीजे-३बी सारख्या जीपमधल्या टी-९० गिअरबॉक्सबद्दल बोलतोय. बिडाचं केसिंग, तीन गिअर, सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणारी जोडणी) फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला, पहिला आणि रिव्हर्स सरळ सरकून अडकणारे. ज्याला पाना धरता येतो आणि मॅन्युअल वाचायचा धीर आहे, त्याच्या आवाक्यातलं हे काम आहे.

एवढं ठाम बोलायला कारण आहे. नागपुरात सेमिनरी हिल्स उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की माझ्या जीपचा दुसरा गिअर सटकायचा. एका गॅरेजने बॉक्स उतरवला, सिंक्रोच्या रिंगा बदलल्याचं बिल दिलं, आणि गाडी पुन्हा तशीच. शेवटी घरी उघडला. रिंगा खरंच नव्या होत्या, त्यात फसवाफसवी नव्हती. पण सिंक्रोची पितळी रिंग वेग जुळवून गिअर आत घालायला मदत करते. तो आत धरून ठेवणं तिचं कामच नाही. धरून ठेवतात डॉगचे दात (गिअरला शाफ्टशी अडकवणारे) आणि झाकणातल्या शिफ्ट रेलवरची (गिअर सरकवणाऱ्या दांड्यावरची) गोळी-स्प्रिंग. इथे दात टोकाला गोल झालेले, स्प्रिंग मेलेली. शिवाय क्लस्टर गिअर (काउंटर शाफ्टवरचा अखंड गिअरसंच) हाताने पुढेमागे हलत होता. मॅन्युअल तिथे ०.०१२ ते ०.०१८ इंच फट ठेवायला सांगतं. फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) ०.०२५ चं पान तिथे अडकतही नव्हतं.

रोजच्या मजुरीवर काम करणारा माणूस तक्रारीचा पार्ट बदलतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. बाकीचं मोजायला लागणारा वेळ फक्त मालकाकडे असतो.

वाडी_गॅरेज
भाऊ, तुम्ही दोष बरोबर शोधला, मानलं. पण त्यावरून सगळ्यांना घरी उघडा म्हणून राहिले, ते पटत नाही. माझं गॅरेज अमरावती रोडला आहे. घरी उघडलेले बॉक्स माझ्याकडे बोरीत भरून येतात. "सगळे पार्ट आहेत, फक्त बसवून द्या" म्हणतात. सगळे नसतात.

सगळ्यात जास्त काय हरवते ते सांगतो. दोन शिफ्ट रेलच्या मधात एक लहानशी इंटरलॉक पिन असते. एक रेल सरकली की ती दुसरीला अडवते. घरी रेल ओढली, पिन कुठं घरंगळली ते समजलंच नाही, आणि तसंच झाकण बसवलं. मग एखाद्या दिवशी चालत्या गाडीत दोन गिअर संगच लागतात. बॉक्स जागेवर जाम, मागची चाकं जाम. वर्धा रोडवर मागून ट्रक येत असताना हे झालं तर काय? मोजायचा वेळ तुमच्याकडे आहे, बरोबर आहे. पण काय नाही हे ओळखायची नजर शंभर बॉक्स जोडल्यावर येते.

दुसरं. तुमच्या जीपला गिअरबॉक्सच्या मागे स्पायसर १८ ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) चिकटलेली आहे. ती मागे ओढताना मेनशाफ्ट सोबत मागे येतो आणि सिंक्रोचे सगळे भाग केसिंगच्या तळाला पडतात. आम्ही आधी दुसऱ्या गिअरच्या मागून मेनशाफ्टला तार घालतो, पुढच्या दोन बोल्टांना ताणून बांधतो, मग केस ओढतो. हे घरच्या माणसाला कोण सांगणार?

मानेवाडा_जीप
ही तारेची युक्ती विलीजच्या जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये शब्दशः दिलेली आहे. मी तशीच बांधली होती. तुम्हाला उस्तादाने शिकवलं, मला पुस्तकाने. पिनेचा मुद्दा मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावा. झाकण मोठ्या ताटात ठेवूनच रेल काढावी. पिन, गोळ्या, स्प्रिंगा ताटातच राहतात.

पेंच_जिप्सी
माझी जिप्सी सफारीला चालते, १.३ लिटरची, पाच गिअरची. खरं तर जिप्सीत हे काम जीपपेक्षा सोपं आहे. ट्रान्सफर केस वेगळी बसवलेली असते, मधात छोटा प्रॉपेलर शाफ्ट, त्यामुळे गिअरबॉक्स एकटा खाली येतो. तरी मी घरी उघडणार नाही, आणि दुसऱ्या गाडीवाल्यांनाही उघडू देणार नाही. मागे सहा पर्यटक बसलेले असतात. त्यात लहान मुलं असतात. गिअरबॉक्स बसवणारा माणूस उद्या जबाबदारी घेणारा पाहिजे. आम्ही पावसाळ्यात जंगलाचा कोअर भाग बंद असताना बॉक्स मिस्त्रीकडे देतो, तो सावकाश करतो, आणि ऑक्टोबरमध्ये काही निघालं तर त्याच्याच दारात गाडी उभी करता येते.

हौशी माणसाचं वेगळं असेल. पण "मालकाने स्वतःच करावं" हा नियम भाड्याच्या गाडीला लावू नका.

यंत्रशाळा_शिक्षक
मी पॉलिटेक्निकला मुलांना हेच शिकवतो आणि मानेवाड्याच्या बाजूने उभा आहे. उघडण्याआधी मालक जे ऐकू शकतो ते दुसरं कोणी ऐकत नाही, कारण गाडी रोज तोच चालवतो. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर संशय इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून येणाऱ्या शाफ्टच्या) बेअरिंगवर आणि काउंटर शाफ्टवर. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो तर आधी रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं) पाहा, गिअरबॉक्स फोडायचं कारण नाही. एवढं कळलं तरी निम्मे बॉक्स विनाकारण उघडले जाणार नाहीत.

रिंग तपासायला यंत्र लागत नाही. रिंग गिअरच्या शंकूवर दाबून बसवा आणि रिंगचे दात व गिअरचे दात यांमधली फट फिलर गेजने तीन-चार ठिकाणी मोजा. मग आतल्या बाजूला बोट फिरवा. तिथल्या बारीक आट्या तेलाचा थर कापण्यासाठी असतात, म्हणून रिंग शंकूला पकडू शकते. आट्या गुळगुळीत झाल्या की फट शिल्लक असली तरी रिंग कामाची नाही.

आणि तेलाबद्दल कळकळीने सांगतो, कारण इथे मिस्त्री आणि मालक दोघेही घसरतात. दुकानात "गिअर ऑइल ९०" म्हटलं की बऱ्याचदा जीएल-५ दर्जाचं तेल हातात पडतं. ते डिफरन्शियलसाठी (ॲक्सलमधल्या गिअरसाठी). त्यातली गंधक-फॉस्फरसची जास्तीची द्रव्यं पितळेला मानवत नाहीत, आणि तेल इतकं निसरडं असतं की सिंक्रो पकडच घेत नाही. जुन्या पितळी रिंगांच्या बॉक्सला जीएल-४ मागून घ्या. डबा वाचल्याशिवाय ओतू नका. टी-९० आणि स्पायसर १८ च्या जोडीत एकाचं तेल दुसऱ्यात उतरण्याची जुनी खोड आहे, म्हणून दोन्हीकडे एकच तेल ठेवा आणि दोन्हीकडची पातळी पाहा.

वाडी_गॅरेज
तेलाचं सरांचं एकदम बरोबर आहे जी. मी स्वतः गिऱ्हाइकाला डबा दाखवून ओततो.

रामदासपेठ_४०१
मी गाडीवाली नाही, पण हे काम ज्या घरात चालतं तिथं राहते. माझा दीर बॉक्स उतरवताना जीप विटांवर टेकवून खाली शिरला होता. टी-९० काढताना मागचा क्रॉस मेंबर (चासीची आडवी पट्टी) खोलावा लागतो, त्यावरच इंजिनाचा मागचा भार असतो, हे त्याला माहीत होतं. तरी इंजिनाखाली त्याने नुसता जॅक लावला होता. मी ते काम थांबवलं. मिस्त्रीकडे खड्डा असतो, घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) असतात, हाताखाली माणूस असतो. घरी एकटा माणूस आणि मे महिन्यातलं ४५ अंश. दुपारी तीनला घामाने ओला हात बिडाच्या बॉक्सखाली असतो, त्याचा विचार कोणी लिहिलाच नाही. शिवाय पार्ट पेट्रोलने धुतात, तेही स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. माझा विरोध या कारणासाठी आहे.

मानेवाडा_जीप
वहिनी, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. विटा कधीच नाहीत. चासीला चार घोड्या, इंजिनाखाली जॅकसोबत लाकडाचा ठोकळा, आणि बॉक्स खाली घेताना दोन माणसं. धुवायला डिझेल, तेही अंगणात. हे जमत नसेल तर बॉक्स उतरवून घ्यायचे पैसे मिस्त्रीला द्यावेत आणि टेबलावरचं काम घरी करावं. तेवढं मी माझ्या मतात बदलतो.

हिंगणा_लेथ
टेबलावरचं काम घरी करा, पण बेअरिंग हातोड्याने ठोकू नका. माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या शाफ्टांवर पंचाचे वण असतात. शाफ्टवर बेअरिंग चढवताना दाब आतल्या रेसवरच (कड्यावरच) यायला हवा. बाहेरच्या रेसवर ठोकलं तर मार गोळ्यांमधून जातो आणि रेसवर खळगे पडतात. नवं बेअरिंग महिनाभरात ओरडायला लागतं, आणि दोष दुकानदाराला मिळतो. प्रेसवर हे पाच मिनिटांचं काम आहे, घेऊन या.

बाजारात जाताना जुन्या बेअरिंगचा नंबर लिहून न्या. गाडीचं नाव सांगून मागू नका. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतला व्यास मिळतो: ६२०७ म्हणजे ३५ मिलिमीटर, बाहेरचा ७२, रुंदी १७. व्हर्नियर लावून दुकानातच खात्री करा. नंबरच्या पुढे सी३ असेल तर तेच घ्या, ती आतली मोकळीक आहे, सजावट नाही.

काउंटर शाफ्टसाठी डमी शाफ्ट करून देतो. मूळ शाफ्टपेक्षा किंचित बारीक, आणि लांबीला क्लस्टरएवढाच. निडल (बेअरिंगच्या बारीक सळ्या) ग्रीसने चिकटवायच्या, डमी घालून क्लस्टर केसिंगच्या तळाला ठेवायचा, इनपुट आणि मेनशाफ्ट बसले की क्लस्टर उचलायचा आणि खरा शाफ्ट मागून आत सरकवत डमी पुढे ढकलायचा. डमीशिवाय निडल आत पडते. एकजरी तळाला राहिली तर ती दातांत जाते.

पेंच_जिप्सी
एवढी यादी वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. लेथवाला, प्रेस, दोन माणसं, चार घोड्या, जुनं मॅन्युअल. मग घरी केलं असं कशाला म्हणायचं?

यंत्रशाळा_शिक्षक
निर्णय घरी झाला म्हणून. कोणता पार्ट टाकायचा, कोणता ठेवायचा, हे ज्याची गाडी आहे त्याने डोळ्यांनी पाहून ठरवलं. प्रेस कुठली होती याने फरक पडत नाही. आणि पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीला दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून नोंदणी वाढवावी लागते. अशी गाडी ठेवायची असेल तर तिच्या पोटात काय आहे हे मालकाला ठाऊक असायलाच हवं.

वाडी_गॅरेज
सर, ठरवायला डोळे मालकाचे असू द्या, मी नाही म्हणत नाही. आमच्यातले काही जण मोजत नाहीत, हेही खरं. पण ज्याने एकही बॉक्स जोडताना पाहिला नाही, त्याने मॅन्युअल वाचून गाडी रस्त्यावर काढू नये. आधी कोणाच्या बाजूला बसून एक जोडताना पाहावा. मानेवाड्याचे भाऊ, क्लस्टरची फट जुळवायला तुम्ही थ्रस्ट वॉशर (टोकाची चकती) बदलला असेल, तो पुढचा पितळी की मागचा स्टीलचा? फट मागच्याच्या जाडीने जुळवतात. आणि ती पिन बसवली असं लिहिलं नाही तुम्ही.

मानेवाडा_जीप
दोन्ही बदलले. मागचा जाड घेऊन फट ०.०१५ वर आणली. पिन बसवली आहे. झाकण लावण्याआधी एक रेल गिअरमध्ये टाकून दुसरी स्क्रू ड्रायव्हरने ढकलून पाहिली, हलली नाही.

वाडी_गॅरेज
मग ठीक आहे. थोडी चालवली की तेल काढून चाळून पाहा. पितळेची बारीक पूड थोडी निघेल, ती चालते. लोखंडाचा तुकडा दिसला तर गाडी चालवू नका, मला फोटो पाठवा.