‘टाकीचे घाव’मधली टाकी कोणती?

प्रश्न : ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ यातली टाकी म्हणजे नेमकं काय? पुण्यात टाकी म्हटलं की गच्चीवरची पाण्याची टाकी, नाहीतर सिंहगडावरची टाकी आठवतात. आणि ‘टक्केटोणपे खाणे’च्या जागी ही म्हण चालेल का?

– टाकी म्हणजे पाथरवटाची पोलादी छिन्नी. संस्कृत ‘टङ्क’. अमरकोशात ‘टङ्कः पाषाणदारणः’ असं सरळ दिलंय. सिंहगडावरचं देवटाकं वेगळं. तो शब्द ‘टाकं’, नपुंसकलिंगी, त्याचं अनेकवचन टाकी. म्हणीतली टाकी स्त्रीलिंगी, अनेकवचन टाक्या. पाट्याला ‘टाकी लावणे’, म्हणजे गुळगुळीत झालेला पाटा ठोकून पुन्हा खरखरीत करणे, हा प्रयोग हिचाच. टाकी लावल्यावर पहिली एक-दोन वाटणं टाकून देतात, कारण त्यात दगडाची कच उतरते.

– ‘घाव’ही नीट बघायला हवा. आपला काळा पाषाण फार चिवट. टाकी साधारण ४५ अंशांत तिरपी धरली की ढलपी स्वच्छ निघते. उभी धरली तर दगड आतून दुखावतो आणि पांढरट डाग राहतो, फार आडवी धरली तर घसरते. टोक बोथटलं तरी तेच. म्हणून ते तापवून, ठोकून पाणी देतात, म्हणजे पाण्यात बुडवून कडक करतात. आधी जाड टाकीने ढोबळ आकार, मग बारीक टाकी. नाक, बोटं सगळ्यात शेवटी, कारण उडालेलं नाक परत बसत नाही.

– त्याआधी दगड वाजवून पाहतात, हे राहिलं. खणखणला तर घ्यायचा. बद्द वाजला तर आत चीर असणार, घावाखाली दुभंगणार. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर अखंड कातळात कोरलंय. तिथे दगड बदलायची सोयच नव्हती.

– म्हणून टक्केटोणपे वेगळे. टोणपा म्हणजे जाड सोटा. तो कोणीही, कुठूनही घालतो, त्यामागे घडवणारा हात नसतो. टक्केटोणपे खाल्लेला माणूस सावध होतो, टाकीचे घाव सोसलेला घडतो. रियाज करणाऱ्या शिष्याला ही म्हण शोभते. धंद्यात फसलेल्याला मात्र ती ऐकवू नये. लुबाडणाऱ्यालाच शिल्पकार ठरवल्यासारखं होतं. त्याच्यासाठी ‘ठेच लागली’ पुरे.

– ‘सोसल्यावाचून’ हा पाठही चालतो. ‘सहन केल्याशिवाय’ नको, म्हणीचा ठेका मोडतो.