अर्थ कामात की माणसात?

काही कामे मुळातच नीरस असतात आणि त्यांत समाधान शोधणे व्यर्थ आहे, हे मत मला अर्धेच पटते. नीरसपणा खरा आहे, परंतु तो केवळ कामाच्या स्वरूपावर ठरत नाही. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या अमेरिकी संशोधकांनी 2001 मध्ये मांडलेल्या विवेचनात रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांचे उदाहरण आहे. काम एकच असूनही काहींनी नेमून दिलेले तेवढेच केले आणि इतरांशी संपर्क टाळला. तर काहींनी रुग्णांशी आणि त्यांच्या नातलगांशी आपुलकीने बोलणे, परिचारिकांच्या सोयीने सफाईची वेळ साधणे अशा गोष्टी स्वतःहून आपल्या कामात सामावून घेतल्या आणि रुग्ण बरे होण्यात आपलाही वाटा आहे, असे मानले. हा बदल कोणीही वरून लादलेला नव्हता, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मात्र याचा आधार घेऊन कमी वेतनाचे समर्थन कोणी करू नये. शिवाय अशा बदलासाठी थोडी मोकळीक लागते. जिथे प्रत्येक मिनिटाचा हिशेब मागितला जातो, तिथे रुग्णाजवळ दोन क्षण थांबणेही कठीण होते.