लॉर्ड्सचे न्यायदान

लॉर्ड्स सभेचा, म्हणजे इंग्लंडच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचा, दिवस विधेयकांवर मान डोलावण्यातच जाई, हे मत मला पटत नाही. 1621 पासून खासगी अर्जांची सुनावणी हा तिच्या कामाचा मोठा भाग झाला होता, आणि दाद मागायला अन्यत्र जागा न उरलेल्या माणसाला तिथे खरोखर आधार मिळे. थॉमस स्किनर या व्यापाऱ्याचे जहाज, माल आणि सुमात्राजवळचे बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांनी बळकावले, तेव्हा याच सभेने 1668 मध्ये त्याला 5,000 पौंड भरपाई मंजूर केली. मात्र अपील नसलेला दावा थेट ऐकण्याचा अधिकार लॉर्ड्सना नाही, असा हट्ट कॉमन्सने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, धरला. हा वाद इतका चिघळला की अखेर 1670 मध्ये राजा दुसऱ्या चार्ल्सच्या सांगण्यावरून दोन्ही सभागृहांनी या प्रकरणाच्या नोंदी खोडून टाकल्या.