मदत हवी आहे: इग नोबेल सोहळा मुलांना दाखवायचाय

मंडळी, विज्ञान मंडळातल्या आठवी-नववीच्या मुलांना इग नोबेलचा (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारी गमतीशीर बक्षिसं) सोहळा पडद्यावर दाखवायचाय. थेट प्रक्षेपण जमणार नाही. बॉस्टनला संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन! म्हणून यूट्यूबवरचं रेकॉर्डिंग.

प्रेक्षकांनी उडवलेली कागदी विमानं किंवा भाषण लांबलं की 'प्लीज स्टॉप, आय ॲम बोअर्ड' म्हणत येणारी आठ वर्षांची मुलगी कुणालाही कळेल. बाकी विनोद मात्र इंग्रजीत. मराठी सबटायटल्स बसवायला फुकटातलं सोपं सॉफ्टवेअर कोणतं?

आणि वर्ष कुठलं निवडू? २०२० ते २०२३ चे ऑनलाइन सोहळे नकोत, सभागृहातला दंगा हवा. चुंबकाने बेडूक तरंगवणारे आंद्रे गाइम (२०००; पुढे २०१० मध्ये खरं नोबेलही!) आणि बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा नाक कोरण्यावरचा अभ्यास (२००१) यांच्या क्लिप कुणाकडे आहेत का?