जुना न्यूमॅटिक प्लँटर (४ तासांचा, म्हणजे ४ ओळींचा) ४२ एचपीच्या ट्रॅक्टरला चालेल का? सौद्याआधी मदत हवी आहे

राम राम मंडळी. मी औसा तालुक्यातला, जि. लातूर. काळी भारी जमीन. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, दोन्ही ४५ सेंमीवर. शेजारच्या गावात चार तासांचा न्यूमॅटिक प्लँटर (हवेच्या ओढीने छिद्रांच्या प्लेटला एकेक दाणा चिकटवून पेरणारं यंत्र) विकायला निघालाय, मालक पावणेदोन लाख सांगतोय. मिरगाच्या आधी काय ते ठरवायचंय.

आत्ताच्या पेरणी यंत्राने एकरी ३० किलो बी जातं, तरी कुठे दाट तर कुठे नांग्या (मोकळ्या जागा). सोयाबीनची साल नाजूक, रोलरमध्ये बियाची डाळ होते. ४५ बाय ५ सेंमीवर एकेक दाणा पडला तर एकरी पावणेदोन लाखांच्या वर दाणे लागतात. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर २१-२२ किलोत भागतं. उगवण ७० टक्क्यांच्या आसपास असेल तर थोडं वाढवावं लागेल, तरी बचत चांगलीच आहे. बियाचे भाव बघता हे फार महत्त्वाचं वाटतं.

आता ट्रॅक्टर. ४२ एचपी, सिंगल क्लच, मागचे टायर १३.६-२८, लिफ्ट कंपनीच्या पुस्तकात १५०० किलो. प्लँटर रिकामा ६०० किलोच्या आसपास आहे असं मालक म्हणतो. दोन पोती डीएपी खत आणि बी भरलं की साडेसातशेच्या घरात जाईल. आकड्यात बसतं, पण ते १५०० किलो खालच्या लिंकच्या (यंत्र जोडायच्या दांड्यांच्या) टोकाशी मोजलेले असतात आणि प्लँटरचं वजन त्याच्याही बरंच मागे लोंबतं. पुढे वजनं किती लावावी लागतील?

दुसरी अडचण चाकांची. माझ्या मागच्या चाकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १३५ सेंमी. चार तासांतल्या कडेच्या दोन तासांचं अंतरही बरोबर १३५. म्हणजे ही दोन्ही तासं चाकोरीतच येणार. वाफसा थोडा ओला असला तर आपली जमीन चाकाखाली अशी दाबली जाते की फण आत शिरत नाही, बी वरच राहतं. यावर तुम्ही काय करता?

यंत्र मी मालकाच्या ट्रॅक्टरवर चालवून पाहिलं. तीन युनिटच्या प्लेटवर प्रत्येक छिद्राला एकेक दाणा नीट चिकटत होता. चौथ्याच्या प्लेटवर नखाला लागेल अशी गोल चरी पडलीय, मागचं सील कडक झालंय आणि मधूनमधून छिद्रं रिकामी जातात. प्लेट आणि सील बदललं की काम होईल, की आतलं हाउसिंगही झिजलेलं असेल? हरभऱ्याच्या प्लेटा मालकाकडे नाहीत, त्या वेगळ्या घ्याव्या लागतील.

प्रतिसाद (वाशीमहून)

दादा, एचपीची काळजी करू नका, क्लचची करा. हवा ओढणारा ब्लोअर पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालतो. सिंगल क्लचला क्लच दाबला की पीटीओ थांबतो, व्हॅक्यूम पडतो आणि प्लेटला चिकटलेलं बी गळून जातं. पुन्हा निघालात की पहिल्या काही फुटांत नांगी. लांब पट्ट्यांत हे निभतं, कारण धुऱ्यावर चालत्या गाडीत लिफ्ट उचलून वळता येतं. तुकडे लहान असतील, मागेपुढे करावं लागत असेल, तर वैताग येईल. तुमचे पट्टे किती लांब आहेत ते सांगा.

आणि पीटीओचे ५४० आरपीएम (मिनिटाला फेरे) धरून गाडी हळू चालवता येईल असा गिअर तुमच्याकडे आहे का, तेही पाहा. रेस कमी करून पेराल तर व्हॅक्यूम मिळणार नाही.

प्रतिसाद (अकोला)

चाकांचं अंतर १८० सेंमी करा, मागची डिस्क उलटी बसवून तेवढं मिळतं का ते मिस्त्रीला विचारा. मग चाक मध्यापासून ९० सेंमीवर येतं, म्हणजे तुमचं कडेचं तास आणि शेजारच्या फेरीचं पहिलं तास यांच्या बरोबर मधून. टायर जवळपास ३५ सेंमी रुंद, तासापासून पाचेक सेंमी सुटतात. पुढचा अ‍ॅक्सलही वाढवायला विसरू नका.

चौथ्या युनिटची प्लेट काढून तिथे चांगल्या युनिटची बसवून फिरवा. छिद्रं रिकामी जायची थांबली तर दोष प्लेटचा, तरीही रिकामी जात राहिली तर सील किंवा हाउसिंगचा. दोष हाउसिंगचा निघाला तर भाव चांगला पाडून मागा. आणि सौद्याच्या दिवशी तुमचाच ट्रॅक्टर घेऊन जा, प्लँटर भरून उचला, पुढची चाकं किती हलकी होतात ते तिथेच कळेल.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. निम्मं रान लांब पट्ट्यांचं आहे, निम्म्यात बांध फार, मागे घ्यावंच लागतं. या भागात डबल क्लचचा (गाडी थांबवली तरी पीटीओ फिरता ठेवणारा) ट्रॅक्टर पेरणीपुरता भाड्याने कुणाकडे मिळेल का? तसं जमलं तर प्लँटर घेतो, नाहीतर यंदा साधा इन्क्लाइंड (तिरप्या) प्लेटचा बीबीएफ (रुंद वरंबा-सरी पेरणी यंत्र) बघतो.