गोठलेल्या सरोवरावर मासा साफ करावा का, आणि आतडी टाकावीत कुठे?

हिमगळ (धागाकर्ता):
अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेले बरेच मराठी मासेखाऊ आता मिल लॅक्स, रेड लेक किंवा लेक ऑफ द वूड्स या सरोवरांच्या बर्फाला भोक पाडून वॉलआय, पर्च आणि क्रॅपी पकडू लागले आहेत. पकडलेला मासा तिथेच साफ करून डोके आणि आतडी भोकात सोडण्याची, किंवा कावळे-गरुडांसाठी बर्फावर ठेवून येण्याची पद्धतही त्यांच्यातील काहींनी उचलली आहे. माझे मत असे की बर्फावर मासा साफच करू नये. तिथेच शिजवून खायचा असेल तर तेवढाच करावा, आणि त्याची घाण बादलीत भरून परत आणावी.

मिनेसोटाच्या नियमांनुसार ज्या माशाला लांबीची मर्यादा आहे, तो पाण्यावर किंवा बर्फावर असेपर्यंत डोके, शेपटी, पर आणि कातडीसह मोजता येईल असाच ठेवावा लागतो. तिथल्या तिथे जेवण बनवणे एवढाच अपवाद आहे. बाकीचे मासे कापून नेले, तरी बहुतेक जातींच्या प्रत्येक फिलेवर (काट्यापासून सोडवलेल्या मांसाच्या तुकड्यावर) एक चौरस इंच खवल्यांची कातडी, तीही पोटाखेरीज इतर भागाची, राखावी लागते. क्रॅपी आणि सनफिशला यातून सूट आहे. बर्फाळ वाऱ्यात बधिर बोटांनी हे नेमके पाळणारे फार थोडे दिसतात. शिवाय १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार बर्फावरील फिश हाउस (मासेमारीसाठी उभारलेली खोपटी) किंवा गाडी वापरणाऱ्याने कचरा, सांडपाणी, माशांची आतडी वा मेलेला प्राणी बाहेर टाकणे दंडनीय असून दंड १०० डॉलर आहे.

कोकणात मासा आणल्याबरोबर साफ करण्याची घाई असते ती उष्ण हवेमुळे. इथे शून्याखाली वीस अंशांत तशी घाई करण्याचे कारणच उरत नाही.

पाणकावळा:
मी या मताच्या ठाम विरोधात आहे. कचऱ्याचा कायदा झाला तो फिश हाउसमधून बर्फावर सोडल्या जाणाऱ्या मैल्यामुळे, बाटल्यांमुळे आणि वितळत्या बर्फात रुतून बसणाऱ्या लाकडी ठोकळ्यांमुळे. माशाच्या आतड्यांना त्याच पंगतीत बसवणे हा विचाराचा आळस आहे. माशाच्या शरीरातील फॉस्फरस त्याच सरोवरातून आलेला असतो, त्यामुळे आतडी परत पाण्यात गेली तर सरोवरात नवे काहीच मिसळत नाही. उलट आपण फिले घरी नेतो तेव्हा थोडा फॉस्फरस बाहेरच काढतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून कचराभूमीत पाठवलेली आतडी निसर्गाच्या कोणत्या उपयोगाची आहेत, हे धागाकर्त्यांनी सांगावे.

आणखी एक व्यावहारिक मुद्दा असा की अखंड मासा बर्फावर पडून लाकडासारखा कडक झाला की घरी तो पूर्ण वितळवल्याशिवाय सुरी चालत नाही, आणि उरलेला पुन्हा गोठवला तर मांस पाणचट होते. चवीची पर्वा असलेल्याने मासा ताजा असतानाच कापावा.

अँकरेजवासी:
पाणकावळा यांना अंशतः अनुमोदन. अलास्कात केनाई द्वीपकल्पावरील रशियन नदीच्या काठी अस्वलांचा वावर असल्यामुळे सॅमनचा सांगाडा काठावर न सोडता त्याचे बारीक तुकडे करून वेगाने वाहणाऱ्या खोल पाण्यात टाकावेत, असा सल्ला मासेमारांना वर्षानुवर्षे दिला गेला आहे. समुद्रात वाढलेला सॅमन नदीत परतून मरतो, तेव्हा त्याच्या शरीरातील पोषणद्रव्ये काठच्या झाडांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे माशाचे अवशेष पाण्यात टाकणे म्हणजे नेहमी अस्वच्छताच, असे सरसकट म्हणता येणार नाही.

हिमगळ:
उदाहरण खरे आहे, पण ते वाहत्या नदीचे आहे. गोठलेल्या सरोवराला प्रवाह नसतो आणि तळाचे पाणी चार अंशांच्या आसपास असल्याने कुजण्याची क्रिया मंदावते. त्यामुळे एकाच फिश हाउसखाली आठवडाभर सोडलेली डोकी तिथेच साचून राहतात आणि वसंतात एखाद्याच्या किनाऱ्याला लागतात. ज्या उथळ उपसागरात रिसॉर्टची पन्नासेक फिश हाउस दाटीने उभी असतात तिथे त्याचा उपद्रव सर्वांनाच होतो.

मासा कडक होण्यावर उपाय सोपा आहे. कूलर फक्त थंड ठेवण्यासाठी नसतो. हिवाळ्यात त्यातला मासा गोठण्यापासूनही वाचतो.

पाणकावळा:
उपद्रव म्हणजे दुर्गंधी, असे म्हणत असाल तर मान्य. मात्र उथळ सरोवरात हिवाळ्यात मासे गुदमरून मरतात त्याचे खापर कृपया आतड्यांवर फोडू नका. बर्फावर हिमाचा जाड थर बसला की प्रकाश अडतो, पाणवनस्पती प्राणवायू बनवणे थांबवतात आणि त्याच कुजताना उरलेला प्राणवायू संपवतात. त्या हिशेबात दहा-वीस पर्चची आतडी कुठेच बसत नाहीत.

तसेच कायद्याचा शब्द ‘बाहेर’ असा आहे. भोक तर फिश हाउसच्या आत असते!

कलमबहाद्दर:
ही पळवाट टिकणारी नाही. मिनेसोटाच्या फौजदारी संहितेत २०२३ च्या पुष्कळ आधीपासून असलेले कलम ६०९.६८ सार्वजनिक पाण्यात किंवा त्यावरील बर्फावर कचरा, आतडी वा मृत प्राण्याचे शरीर टाकण्यास मनाई करते. त्यात पाणी आणि बर्फ यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. भोक छपराखाली असले तरी खाली पाणी सार्वजनिकच राहते. नव्या कायद्याने कचऱ्याचे भांडे बर्फावर थेट ठेवण्यासही बंदी केली, म्हणजे बादली फिश हाउसमध्ये वा गाडीत, किंवा त्यांना बाहेरून पक्की बांधलेली हवी.

जलचर:
फॉस्फरसच्या हिशेबात एक गोष्ट सर्वांकडून सुटली. खोलवर गिळलेला गळ पुष्कळ जण दोरी कापून माशाच्या पोटातच सोडतात, आणि हिवाळ्यातील लहान जिग (वजन जोडलेले गळ) बहुधा शिशाचे असतात. अशी आतडी बर्फावर टाकली की पांढऱ्या डोक्याचा गरुड ती गिळतो. शिशाच्या विषबाधेने आजारी पडलेले गरुड मिनेसोटा विद्यापीठाच्या रॅप्टर सेंटर या शिकारी पक्ष्यांच्या रुग्णालयात दरवर्षी उपचारासाठी येतात. त्यांतील पुष्कळांना ते शिसे बंदुकीच्या गोळीचे तुकडे असलेल्या हरणाच्या अवशेषांतून मिळते, हे मी लपवत नाही, पण पक्ष्याला शिकारी आणि मासेमार यांच्यातला फरक कळत नाही. ‘पक्ष्यांना खाऊ घालतो’ म्हणणाऱ्यांनी निदान आतडी चाचपून पाहावीत.

रोगाचाही प्रश्न आहे. २००५-०६ च्या सुमारास ग्रेट लेक्समध्ये ज्या व्हीएचएस या माशांना रक्तस्रावाचा रोग करणाऱ्या विषाणूने मोठ्या संख्येने मासे मारले, तो थंड पाण्यात टिकतो आणि संसर्गित माशांच्या अवशेषांतून पसरू शकतो. एका सरोवरातील मासा दुसऱ्याच्या काठावर साफ केला, तर पाणकावळा यांचा ‘त्याच सरोवरातून आलेले’ हा युक्तिवाद लागूच पडत नाही.

बरबटप्रेमी:
आतड्यांवर एवढी चर्चा झाली, पण अख्खे मासे फेकले जातात त्याचे काय? वॉलआयच्या गळाला बरबट, म्हणजे स्थानिकांचा ‘ईलपाउट’, लागला की त्याच्या बुळबुळीत, हाताला विळखा घालणाऱ्या शरीराची किळस येऊन कित्येक जण तो जिवंतच बर्फावर भिरकावून देतात. लीच लेककाठच्या वॉकर गावात याच माशाच्या नावाने उत्सव भरत आला आहे आणि तरीही ही वागणूक! हा कॉडच्या कुळातील गोड्या पाण्याचा मासा आहे, त्याचे मांस पांढरे आणि घट्ट असते, आणि तो ऐन थंडीत बर्फाखाली अंडी घालत असल्याने या दिवसांत गाबोळीने भरलेला सापडतो. ज्यांच्या घरी गाबोळीसाठी भांडणे होतात त्या मराठी माणसांनी तरी तो फेकू नये. खायचा नसेल तर भोकापाशीच, हवेत न धरता, गळ काढून सोडावा, कारण कडाक्याच्या थंडीत कल्ले आणि डोळे क्षणांत गोठू लागतात.

पाणकावळा:
बरबटबद्दल शंभर टक्के सहमत, आणि शिशाचा मुद्दाही मान्य. भोकात टाकलेल्या आतड्यांनी सरोवराचे नुकसान होते, हे मात्र अजून कोणी दाखवलेले नाही; कायदा आहे म्हणून मी तो पाळेन, पण तो पटला म्हणून नव्हे. घरी आणलेल्या घाणीचे करायचे काय, हा माझा मूळ प्रश्न अजून अनुत्तरित आहे. अंगणातली जमीन एप्रिलपर्यंत खणता येत नाही.

हिमगळ:
मिनिआपोलिस आणि हेनेपिन काउंटीत जैविक कचऱ्याच्या संकलनात मासळी, काटे आणि हाडे घेतली जातात, त्यामुळे सगळे कचराभूमीतच जाते असे नाही. इतरत्र कागदात गुंडाळून गॅरेजमध्ये गोठू द्यावे आणि कचरागाडी येण्याच्या सकाळीच बाहेर ठेवावे. काही रिसॉर्टवर मासे साफ करण्याची खोली असते. आरक्षण करतानाच तशी चौकशी करावी.