इथेनॉलच्या हिशेबात सोयाबीनही धरा

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्यानं खनिज तेलाची आयात घटते आणि तोच पैसा शेतकऱ्याला मिळतो, असं इथेनॉलची बाजू घेणारे म्हणतात. आयात घटते, पण थोडीच. इथेनॉल जातं पेट्रोलमध्ये आणि देशात डिझेल खपतं पेट्रोलच्या दुपटीहून जास्त. आमचे ट्रॅक्टर, थ्रेशर सगळे डिझेलवरच.

शेतकऱ्याचं म्हणाल तर कोणत्या? मका-तांदळातून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, म्हणजे डीडीजीएस, कोंबडीखाद्यात सोयाढेपेच्या, म्हणजे सोयाबीनचं तेल काढून उरणाऱ्या पेंडीच्या जागी स्वस्तात जातो. ढेपेला उठाव नाही, की सोयाबीनचा भाव पडलाच. भाव पडायला हे एकच कारण नाही, पण हेही आहे. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. तेव्हा आमच्या वाशिमकडे व्यापाऱ्याची बोली चार हजारांच्या आसपास, त्यातही मूठभर दाणे तळहातावर घोळवून ‘मॉइश्चर हाये’ म्हणत आणखी खाली. मकावाल्यांचं भलं झालं असेल, नाही म्हणत नाही.